आवडाबाईची जागा

फुकट मिळणाऱ्या तीन वस्तूंतून एक निवडायची असली, की माणूस आपलं सगळ्यात जास्त कौतुक करणारी उचलतो. सुदेशनंही तेच केलं, आणि वर त्याला ‘रिसर्च’ म्हटलं.

सुदेश ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडील, गुणाजी, खाडीत जाळं टाकायचे तेव्हा खाडीत मासे होते. गुणाजी गेले, पण मासे त्यांच्याही आधी गेले होते. घर चालवलं ते आईनं, आवडाबाईनं, बाजारातल्या ओट्यावर मासळी घेऊन बसून. सुदेश शिकला, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात चिकटला, आणि तिथं बसल्या बसल्या त्यानं ‘दर्याची चूल’ नावाची वेबसाइट काढली. आई सांगेल तसं कालवण लिहायचं, दिपिकानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फोटो काढायचे, आणि खाली लिंका द्यायच्या. ओल्या बोंबलाला हा तवा बरा. खेकड्याचे नांगे फोडायला हा अडकित्ता. सुरमईच्या तुकड्यांना ही सुरी. वाचणाऱ्यानं त्या लिंकवरून एका मोठ्या ऑनलाइन दुकानात जाऊन वस्तू घेतली, की सुदेशला कमिशन. शिकलेली माणसं ह्याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. कोळीवाड्यात त्याला ‘सुदेशचं मोबाइलातलं दुकान’ म्हणत.

दुकान म्हटलं की गिऱ्हाईक मोजणं आलं. कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं, हे सांगणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, हे त्याला सलिलनं सांगितलं. सलिल त्याच्या ऑफिसातला, राहणारा डोंबिवलीचा. त्याची स्वतःची गुडघ्याच्या पट्ट्यांची साइट होती, आणि डोंबिवलीतले जिने पाहता ती चालायला काहीच हरकत नव्हती.

“तीन आहेत बघ,” सलिल माजिवड्याच्या टपरीवर चहा पिताना म्हणाला. “एक मोठ्या कंपनीचं, सगळे वापरतात ते. इतकी बटणं आहेत की मला अजून निम्मी कळलेली नाहीत. दुसरं हे रंगीत काउंटर, बसवायला सोपं. आणि तिसरं मी वापरतो ते. आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, थोडी डोकेफोड आहे, पण बाहेरच्या लिंकवर कोण गेलं ते नीट दाखवतं. आपल्या धंद्यात तेच बघायचं असतं रे. पान कोणी उघडलं ह्याला काय चाटायचंय?”

सुदेशनं तिन्ही बसवली. महिनाभरानं आकडे घेऊन तो पुन्हा टपरीवर आला. एकाच दुकानाचे, एकाच दिवसाचे तीन आकडे होते. मोठ्या कंपनीचं साधन म्हणे तीस, सलिलवालं म्हणे चाळीस, आणि रंगीत काउंटर म्हणे तीनशे.

“काउंटर रोबोट पण मोजतो,” सलिल म्हणाला. “एकानं पान पाचदा उघडलं तर पाच माणसं धरतो.”

“आणि तुझी दोन मोजतच नाहीत त्यांचं काय? किती जण ते ट्रॅकिंग बंद करून बसतात. ती काय माणसं नाहीत?”

हे अर्धं खरं होतं. पुरतं खरं असतं तर सुदेशनं इतकं आवाज चढवून सांगितलं नसतं.

आवडाबाई जन्मभर बारीक मासळी वाट्यानं विकत आली. वाटा लावताना तळाला बारीक आणि वर ठसठशीत, ही तर धंद्याची शोभा. गिऱ्हाईक बाईलाही ते ठाऊक असतं; ती बोटानं वरचा मासा सरकवते, खालचे बघते, तोंड वाकडं करते आणि मग भाव करते. सुदेश त्या ओट्याखाली खेळून मोठा झालेला. पण स्वतः वाटा घ्यायची पाळी आली तेव्हा त्यानं वरचा मासा सरकवला नाही. रंगीत काउंटर त्यानं फोनच्या पहिल्या पानावर ठेवला. सलिलवालं साधन बसवलेलं होतं तसंच राहिलं, आपलं मुकाट मोजत. ते उघडून बघायचं मात्र त्यानं सोडून दिलं.

काउंटर चढत गेला. तीनशेचे पाचशे, पाचशेचे नऊशे. अधूनमधून एखादा तवा खपे, एखादी सुरी, एकदा तर चक्क मोठा बर्फाचा डबा. नऊशे माणसं रोज येतात म्हटल्यावर खुर्चीवर बसून दुसऱ्याची बिलं तपासणं सुदेशच्या अंगाला टोचायला लागलं. त्यानं नोकरी सोडली. इतपत ठीक होतं. नोकरी त्याची होती.

मग तो आईच्या मागं लागला.

आवडाबाईची बोटं बर्फात राहून राहून वाकडी झाली होती. सकाळी उठल्यावर मूठ उघडायला तिला गरम पाणी लागे. मुलानं ‘आता पुरे’ म्हणावं ह्यात वावगं काही नाही. पण ती जागा म्हणजे साधी जागा नव्हती. दारातून शिरल्यावर उजव्या हाताचा पहिला ओटा, सासूकडून तिच्याकडे आलेला. कागद नाही, पावती नाही. त्या बाजाराची रीत अशी, की जागा सोडणारीनं सगळ्या बायांच्या देखत ओट्यावर नारळ ठेवायचा, घेणारीची ओटी भरायची, आणि तिला हाताला धरून बसवायचं. एकदा बसवली की बसवली. परत मागितल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. मागणारीला कोणी नाही म्हटलं नसतं, पण बाजारात तिचं तोंड राहिलं नसतं.

कितीतरी दिवस ती “बगू” म्हणत राहिली. शेवटी एकदा सुदेशनं तिच्यापुढं फोनच धरला.

“हे बघ आये. आजचे नऊशे.”

“मानसं?”

“माणसं.”

“रोजची?”

“रोजची.”

आवडाबाईनं आकड्यावरून अंगठा फिरवला, लुगड्याचा पोत बघावा तसा. “येवडी तर आमच्या आख्ख्या बाजारात येत नाय,” ती म्हणाली. आणि जागा हेमाला द्यायची ठरली. हेमा तिच्या दिराची सून, नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरी दोन मुली. तिलाही गरज होतीच. सोमवारचा दिवस धरला, कारण सोमवारी बाजार मंदा असतो, बायांना कौतुकं करायला वेळ असतो.

त्याच्या आधीच्या आठवड्यात ऑनलाइन दुकानाचा मेल आला. भाषा गोड होती. तुमच्या लिंकवरून आमच्याकडे येणारे पुष्कळ आहेत, घेणारे जवळजवळ नाहीत. तर हे लोक कोण, कुठले, ह्याचा मान्यताप्राप्त साधनाचा रिपोर्ट पाठवा. रंगीत काउंटरचे आकडे ग्राह्य धरले जाणार नाहीत. रिपोर्ट समाधानकारक नसल्यास खातं बंद.

सुदेशनं मेल तीनदा वाचला आणि रविवारी डोंबिवली गाठली.

सलिलची आई, प्रमोदिनीबाई, दार उघडून म्हणाल्या, “ये रे. तुझी साइट बघते हो मी अधूनमधून. मासे खात नाही आम्ही, पण फोटो काय सुरेख असतात!”

म्हणजे ‘दर्याच्या चुली’ला हाडामांसाची एक वाचक भेटली. ती पापलेट न खाणारी.

सलिलनं लॅपटॉपवर ते तिसरं साधन उघडलं. आकडे खालीवर सरकवून बघितले. मग म्हणाला, “नऊशे विसर. काउंटरवर बहुतेक रोबोटच चढलेत. माणसं आहेत ती अशी. पुणे, रत्नागिरी, मस्कतला कोणीतरी आहे, तो नीट वाचतो. हे पाच-पंचवीस. आणि बाकी हे बघ. सगळे ठाण्याचे. रोज तेच तेच फोन. सकाळी उजाडता उजाडता येतात, पहिलंच पान उघडतात, पहिल्या लिंकवर बोट ठेवतात आणि गेले. वाचत काहीच नाहीत.”

“कोणीतरी मुद्दाम करतंय. माझं खातं बंद पाडायला.”

“कोण? तुझ्या कोळंबीच्या लोणच्याला स्पर्धा कोण करणार?” सलिल हसला. मग त्यानं आलेख मोठा केला. “गंमत बघ पण. ह्यांना सुट्ट्या आहेत. आठवड्यातून दोनदा आलेख खाली येतो. इथं मध्येच एक दिवस जवळजवळ शून्य. आणि हा पावसाळ्यातला अख्खा महिना झोपलाय. कसला बॉट रे हा, उपास करणारा?”

सुदेश आलेखाकडे बघत राहिला. खाली येणारे दिवस सोमवार आणि गुरुवार होते. मधला शून्याचा दिवस संकष्टीचा. झोपलेला महिना श्रावण. सलिल कितीही हुशार असला तरी त्याच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. त्याला तो आलेख वाचता येणं शक्य नव्हतं. सुदेशला तो घरच्या चुलीसारखा ओळखीचा वाटला.

त्यानं बाल्कनीत जाऊन दिपिकाला फोन लावला.

“सकाळी सकाळी बाजारातून कोण उघडतं गं आपली साइट?”

“सगळ्याच,” दिपिका म्हणाली. “अहो, आई बोहनी करतात ना तुमच्या दुकानाची! टोपलीला हात लावायच्या आधी फोन काढायचा, ते विकत घ्यायचं बटण दाबायचं आणि फोन कपाळाला लावायचा. त्यांचं बघून बाकीच्या पण करायला लागल्या. सगळ्यांच्या फोनवर मीच टाकून दिलं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या, बोहनीचं बोलून दाखवायचं नसतं.”

“आणि ते तवे? सुऱ्या?”

“त्या पण आपल्याच. एक सुरी हेमावहिनीची. बर्फाचा डबा आईंनीच घेतला. घरचं दुकान सोडून बाहेर कशाला जायचं, म्हणाल्या.” मग हळूच, “का हो? नको होतं का?”

सुदेश आत आला. सलिलनं त्याच्या तोंडाकडे बघून सगळं काढून घेतलं, आणि ह्या खेपेला हसला नाही.

“घरच्यांनी, नातेवाइकांनी आपल्या लिंकवरून घेणं नियमात बसत नाही यार. दुसऱ्या अटीतच आहे ते. आपण वाचत नाही.” तो म्हणाला. “हा रिपोर्ट पाठवलास तर खातं जाणार. नाही पाठवलास तरी जाणार. खातं सोड. वर्षभर नीट लिहिलंस तर पुन्हा उभं राहील. आईंना तेवढं थांबव. जागा कधी सोडतायत त्या?”

“उद्या.”

“मग आज सांग.”

“सांगतो.”

सांगायचंच ह्या तयारीनं तो घरी आला. घरात बाया जमल्या होत्या. आवडाबाईनं उद्यासाठी काढलेलं हिरवं लुगडं हातोहात फिरत होतं. कोणी म्हणत होती, “आता काय बाबा, शेठाची आय!” आवडाबाई खोटंखोटं रागावत होती. सुदेश आतल्या खोलीत जाऊन बसला. बाया गेल्या की सांगू, असं त्यानं ठरवलं. बाया गेल्या तोवर आई दमली होती. मग सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळी तो उठला तेव्हा ती बाजारात गेलेली होती. ह्या ठरवण्यात प्रत्येक वेळी त्याला थोडं हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं.

तो धावतच बाजारात पोचला.

सोमवार असल्यानं निम्मे ओटे रिकामे होते, पण बाया सगळ्या आलेल्या, नेसूनसवरून. आणि त्या वेळी त्या नेमक्या बोहनी करत होत्या. ओल्या हाताची बोटं पदराला पुसून, डोळे बारीक करून, फोन लांब धरून. बटण दाबलं की फोन कपाळाला. त्याच्या दुकानात रोज सकाळी शिरणारी गर्दी त्यानं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. तिच्या अंगावर खवले होते.

“आयला गो, दुकानदार आयला!” कोणीतरी ओरडलं.

“सायेब, तुमची बोहनी जाली. आमची करा आता, बोंबील घ्या!”

“तो कशाला बोंबील घेतोय? तो आता फोनातनं मागवल!”

हशा झाला. सुदेशही हसला. हसायला नको होतं, हे त्याला हसता हसताच कळलं.

आवडाबाई ओट्याशी उभी होती. ओटा घासून पुसून लखलखीत, त्यावर पानसुपारी, शेजारी हेमा नवी साडी नेसून, खाली मान घालून. नारळ अजून आवडाबाईच्या हातात होता.

“आये, जरा बाजूला ये ना. बोलायचंय.”

“हयाच बोल. ह्या बायांपासून काय लपवायचा हाय? ह्यांच्याच हातानं वाढलास तू.”

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि बघण्यात नुसतं कौतुक होतं. ऑफिसात इतक्या वर्षांत साहेबानं सोडाच, शिपायानंही त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. जागा देऊ नकोस, माझं दुकान म्हणजे तुम्हीच आहात. ते बोललं असतं तर आईची जागा राहिली असती, आणि ह्या नजरा गेल्या असत्या. हा हिशेब मांडायला त्याला वेळ लागला नाही.

“काय नाय,” तो म्हणाला. “लुगडं चांगलं दिसतंय, तेच सांगायचं होतं.”

बाया पुन्हा हसल्या. आवडाबाईनं लाजून त्याला हातानंच चूप केलं, नारळ ओट्यावर ठेवला, हेमाची ओटी भरली आणि तिला हाताला धरून बसवलं.

पुढचं सगळं बिनबोभाट झालं. “नवीन सिस्टीम आली” असं सांगून सुदेशनं दिपिकाकडून सगळ्यांच्या फोनवरून ते बटण काढून घेतलं. रिपोर्ट खराच पाठवला. दुसरा काही पाठवायची अक्कल त्याच्याकडे नव्हती, म्हणून हा प्रामाणिकपणा. दोन ओळींच्या मेलनं खातं बंद झालं. घरी मात्र दुकान चालूच राहिलं. तो लॅपटॉपसमोर बसे, आई आवाज न करता त्याच्या शेजारी चहा ठेवी. घराबाहेरच्या ओट्यावर आलेल्या-गेलेल्याला ती सांगे, “पोऱ्या कामात हाय.” मधल्या काळात जुन्या ऑफिसातली त्याची खुर्ची भरली गेली. मग शीळफाट्याच्या एका गोदामात पार्सलं तपासायचं काम मिळालं, पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी पगाराचं, आणि सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला लागल्यावर सांगणं आलंच. सुदेशनं सांगितलं ते असं, की धंदा मंदावला.

आवडाबाईनं विचारलं नाही. “धंदा हाय, मंदा-तेजी व्हायचीच,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून टोपली काढली, पाट काढला आणि ती बाजारात गेली.

तिला दारात बघून हेमा उठून उभी राहिली. “काकी, बसा,” म्हणाली. खरोखरीच म्हणाली, डोळ्यांत पाणीही आलं तिच्या. आवडाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, आणि ती बाजाराच्या बाहेर गेली. तिथं गटाराच्या कडेला, कचऱ्याच्या पेटीच्या अलीकडे, ज्यांना ओटा नाही अशा बाया बसतात. लांबून येणाऱ्या, कोणाच्या कोणी नसलेल्या. त्यांनी थोडं सरकून तिला पाटापुरती जागा दिली.

आठवडाभर ती तिथं बसली. मग एका सकाळी तिची बोटं अगदीच उघडेनात, म्हणून टोपली पोचवायला सुदेश बरोबर आला. टोपली त्यानं खाली ठेवली. ती पाटावर बसून वाटे लावायला लागली. तो जायला वळला तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “दिपिका बोलली मना. आमच्या बोहनीनं तुजा दुकान बुडाला म्हून.”

“तसं नाही आये. तुमची काही चूक नाही.”

“चूक नाय इचारत. तुला कवा कलला?”

“रविवारी.”

“कंच्या?”

सुदेशनं इकडेतिकडे बघितलं. शेजारची बाई कोळंबी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही, पण कान इकडे केला.

“जागा दिलीस त्याच्या आदल्या.”

आवडाबाईनं एक मांदेली उचलली, वाट्यावर ठेवली, पुन्हा उचलली. “मंजे त्या दिशी आयलास तवा तुला ठाव होता.”

“हो.”

“मी बोलले, हयाच बोल.”

“हो.”

“मंग?”

“सगळ्या बघत होत्या आये.”

आवडाबाईनं बाजाराच्या दाराकडे नजर टाकली. आतून येणाऱ्या-जाणाऱ्या बाया तिच्यासमोरून जाताना पदर सारखा करत, कोणी वाट पाहत असल्यासारखं लांब कुठंतरी बघत, भराभर पावलं टाकत होत्या.

“आता त्या बगत नाय,” ती म्हणाली.

तेवढ्यात कडेच्या बायांत हालचाल झाली. अतिक्रमणवाल्यांची गाडी नाक्यावर वळली होती. सगळ्यांनी टोपल्या उचलल्या. सुदेश वाकला, पण आवडाबाईनं टोपलीची कड आधीच धरली होती, आणि बोटं उघडत नव्हती म्हणून खाली मनगटं घालून तिनं ती उचलली होती.

“दे इकडे.”

“तू जा,” ती म्हणाली. “तुला उशीर व्हईल.”

आणि बाकीच्या बायांच्या मागोमाग ती गल्लीत शिरली. तिचा पाट गटाराच्या कडेलाच राहिला होता. गाडीतून उतरलेल्या माणसानं तो पायानं उलटा केला, सुदेशकडे बघून “तुमचा आहे का?” म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गाडीत टाकला.